फक्त रंग बदलायचे होते

परीक्षकांनी माझ्या विद्यार्थिनीच्या प्रबंधात एकच दुरुस्ती सुचवली होती. तिसऱ्या प्रकरणातल्या आलेखातले लाल आणि हिरवे रंग बदला, काही वाचकांना त्यातला फरक दिसत नाही. बस्स, एवढंच. आणि एवढ्यापायी त्या मुलीला खोटारडी ठरवायला तीन शहाणी माणसं टेबलाच्या पलीकडे बसली, हे आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी चंडीगडच्या एका वैद्यकीय संस्थेत शिकवते. मूळची साताऱ्याकडची, पण आता इथे इतकी वर्षं झाली की मी भांडते हिंदीत आणि शिव्या तेवढ्या मनातल्या मनात मराठीत घालते. ही मुलगी पिंजौरची, रोज बसने यायची. रक्ताच्या एका आजारात कोणती जनुकं जास्त काम करतात आणि कोणती गप्प बसतात, हे शोधायचं तिचं काम. नमुने प्रयोगशाळेत तपासायचे, पण पुढचं सगळं गणित चालायचं ते संस्थेच्या सामायिक सर्व्हरवर. तिथे आमच्यासारखे पाच-सहा विभाग एकाच यंत्रावर आपापली कामं लावून बसलेले असतात.

रंग बदलायचे म्हणून तिने दोन वर्षांपूर्वीचा आपलाच प्रोग्रॅम पुन्हा चालवला. रंग बदलले, पण त्याबरोबर आलेखही बदलला. यादीतली सात जनुकं गायब आणि तीन नवीनच हजर. डेटा तोच, प्रोग्रॅम तोच, एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नाही.

ती माझ्या खोलीत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. आणि मी काय विचारावं? "सच बताओ, पहले वाली लिस्ट में हाथ से कुछ ठीक किया था क्या?" ती म्हणाली, "नहीं मैम." मी मान डोलावली आणि विभागप्रमुखांना कळवून टाकलं. मला वाटलं होतं, दुरुस्तीची मुदत वाढवून देतील.

ते मुदत कसली वाढवताहेत, त्यांनी समिती नेमली. मुलगी खुर्चीच्या कडेवर बसलेली, आणि विभागप्रमुख अगदी मऊ आवाजात म्हणताहेत, "बेटा, सच बता दो, आंकड़े कहाँ से लाए? कोई कुछ नहीं कहेगा." त्या 'बेटा'चा मला असा संताप आला म्हणून सांगू! मी उभीच राहिले. म्हटलं, सर, ही चोर असती तर जुन्याच चित्रात नवे रंग भरून मोकळी झाली असती. तुम्हाला काय, परीक्षकांच्या बापालाही कळलं नसतं. तिने स्वतः येऊन सांगितलं म्हणून तुम्ही आज इथे न्यायाधीश होऊन बसलात! त्यांनी चष्मा पुसला आणि आठ दिवस दिले. आठ दिवसांत जुने आकडे पुन्हा काढून दाखवा, नाहीतर नोंदणी रद्द. पाच वर्षांची मेहनत जाणार होती, आणि नावावर बनवाबनवीचा शिक्का बसणार होता तो वेगळाच.

तिथून मी तडक सर्व्हर सांभाळणाऱ्या गृहस्थांकडे गेले. कुणीतरी काहीतरी बदलल्याशिवाय आकडे बदलत नाहीत, एवढं मला कळत होतं, आणि तो कुणीतरी हाच, अशी माझी खात्री होती. मी दारातूनच तोंडाचा पट्टा सोडला. ते बिचारे स्वेटर घालून सर्व्हरच्या खोलीतल्या एसीच्या गारठ्यात बसलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "मैडम जी, मेल भेजी थी. तीन बार." संस्था सोडून गेलेल्यांची खाती अमुक तारखेला काढून टाकणार, कुणाचं काही अडत असेल तर सांगा. पत्त्यांमध्ये माझं नाव होतं. तिन्ही मेल मी उघडल्यासुद्धा नव्हत्या.

मग आम्ही दोघांनी शोधलं, आणि माग निघाला तो थेट माझ्याच गटापर्यंत. माझ्या पहिल्या विद्यार्थ्याने आपल्या फोल्डरमध्ये सगळी सॉफ्टवेअरं नीट बसवून ठेवली होती. तो पुढे मोहालीच्या एका कंपनीत गेला, पण त्याची सुरुवातीची सेटिंगची फाईल मागेच राहिली. विरजण शेजारणीकडून शेजारणीकडे जावं तशी ती माझ्या गटात एकाकडून दुसऱ्याकडे गेली. देणारी मीच. प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगायचे, "ये फाइल कॉपी कर लो, और हाथ मत लगाना." आत काय आहे ते मी कधी वाचलं नव्हतं. आत लिहिलं होतं, सॉफ्टवेअर आधी त्या मुलाच्या फोल्डरात शोध, तिथे नसेल तर सर्वांसाठी ठेवलेलं घे. त्याचं खातं गेलं, फोल्डर गेलं, आणि यंत्राने मुकाट्याने सर्वांसाठीचं घेतलं. नाव तेच, आवृत्ती नवी, आणि तिच्यात जनुकं गाळायची मर्यादा बदललेली. कृती जुनीच ठेवून कुणी घरातली मापाची वाटीच बदलावी, तसला प्रकार. यंत्र अडून बसलं असतं, ओरडलं असतं, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. ते ओरडलं नाही. म्हणून आम्ही पोरीवर ओरडलो.

नशीब एवढंच की त्या मुलीने दोन वर्षांपूर्वीच्या नोंदी पुसल्या नव्हत्या. प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर कोणतं सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती, हे यंत्रानेच लिहून ठेवलं होतं. त्यावरून आम्ही तिघांनी जुनी मांडणी पहिल्यापासून उभी केली. एक बसवावं तर दुसरं रुसायचं, दुसऱ्याची समजूत काढावी तर पहिलं बंद. चार दिवस गेले त्यात. पाचव्या दिवशी आकडे जुळले, दशांशाच्या शेवटच्या घरापर्यंत.

समितीपुढे मी सरळ सांगितलं, फाईल माझी, चूक माझी. विभागप्रमुख म्हणाले, "चलो, टेक्निकल इश्यू निकला. मैटर क्लोज़." मी म्हटलं, मग आता हिची माफी मागा. ते हसले. "अरे मैडम, आप तो दिल पे ले गईं." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती फाशी टळली इतकंच. मला मात्र कुणी साधा जाबही विचारला नाही. मॅडम ना मी! मॅडमचं होतं ते टेक्निकल, आणि पिंजौरहून बसने येणारीची होते ती बनवाबनवी.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात उभी. रंग अजून बदलायचेच होते. म्हणाली, "मैम, आप थोड़ी देर आकर बैठेंगी? आपके सामने चलाना है."

मी म्हटलं, "अरे, मुझे भरोसा है तुम पर."

"जी मैम," ती म्हणाली. "फिर भी बैठिए."

प्रोग्रॅमला पाऊण तास लागतो. मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून पाऊण तास बसून राहिले.