डोमाजी मिस्त्री आणि नायकाची रायफल

डोमाजी मिस्त्रीच्या हातात कुणी बंदूक दिली, की तो आधी बोल्ट मागे ओढून काडतुसाच्या घरात करंगळी घालायचा. आत काही नाही हे दिसत असलं तरी घालायचा. "डोयाले चुकीचं दिसते, बोटाले नाही," असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने फौजेच्या शस्त्रागारात चार वर्षं काढली होती. आर्णीजवळच्या आपल्या गावी परतला तो हत्यारांची एक पेटी आणि तोंडात बसलेली फौजी हिंदी घेऊन. गावाने दोन्हींची टिंगल केली. पण रानडुकरांपायी परवान्याच्या बंदुका बाळगणारे आसपास बरेच होते, आणि बंदूक बिघडली की टिंगल करणाऱ्यांनाच डोमाजीचं अंगण गाठावं लागे. त्याच्या हातची बंदूक चालायची, पाणी मात्र चालायचं नाही. हा न्याय कुणी ठरवला होता कोण जाणे.

छप्पन सालच्या भादव्यात जवळच्या बंजारा तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख, शंकरसिंग आपली रायफल घेऊन आला. बार उडाल्यावर रिकामं काडतूस आतच राहत होतं. बोल्टच्या तोंडाशी एक पोलादी आकडी असते. ती काडतुसाच्या बुडाची कड पकडून त्याला बाहेर ओढते. त्या आकडीची स्प्रिंग ढिली पडली होती. डोमाजीने नवी बसवली, नाल्याच्या दरडीवर पाच बार काढून दाखवले. पाचही काडतुसं टणाटण बाहेर पडली आणि नायक खुशीत गेला.

दसऱ्याला डोमाजी बायकोला, तुळसाबाईला घेऊन नागपूरला गेला, बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन परतला. आल्यावर दोघांनी घरातले देव शांतपणे अरुणावतीच्या पात्रात सोडले. गावाने ते पाहिलं आणि काहीच बोललं नाही. गाव गप्प बसलं की समजावं, पुढे काहीतरी शिजतंय.

आठच दिवसांनी तिन्हीसांजेला शंकरसिंगच्या ज्वारीत डुक्कर शिरलं. नायकाचा पहिला बार त्याला चाटून गेला. दुसऱ्यासाठी बोल्ट उघडायला गेला तर तो जागचा हलेना. तळहाताने ठोकून ठोकून उघडला, तरी काडतूस आत तसंच. तेवढ्यात डुक्कर उलटलं आणि त्याने नायकाच्या धाकट्या भावाची, फुलसिंगची, पोटरी फाडली.

मग शिजलेलं बाहेर आलं. डोमाजीने देव सोडले, आता त्याच्या हातचं हत्यार दगा देणारच, असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. मारोतराव पाटलाने दुरुस्तीला टाकलेली बंदूक न बोलता गड्याकरवी परत नेली. त्याच्यामागे आणखी दोन गेल्या. डोमाजीला शेत नव्हतं, होतं ते फक्त हातातल्या कामाचं नाव, आणि तेच बुडत चाललं होतं. तुळसाबाई म्हणाली, "घरात बसून काय व्हते? जा अन् बंदूक पाहून या."

दुसऱ्या सकाळी तो पेटी घेऊन तांड्यावर गेला. नायकाच्या दारापुढच्या लिंबाखाली त्याने रायफल मागून घेतली. बघता बघता सगळा तांडा भोवती जमला. फुलसिंग पट्टी बांधलेला पाय लांब करून बाजेवर बसला होता.

डोमाजीने करंगळी घातली. मग त्या दिवशी अडकलेलं काडतूस मागितलं. नायकाने ते नंतर पुढून गज घालून ठोकून काढलं होतं. त्याच्या बुडाची कड आकडीने ओरबाडून निघाली होती. डोमाजीच्या जिवात जीव आला. आकडी ढिली असती तर नुसती घसरली असती, इथे तर तिने पितळ फाडेस्तोवर पकड सोडली नव्हती. म्हणजे त्याची स्प्रिंग शाबूत होती आणि काडतूसच आत चिकटलं होतं. का चिकटलं? त्याने चिंधी रॉकेलमध्ये बुडवली, काडीला गुंडाळून काडतुसाच्या घरात फिरवली आणि बाहेर काढली.

चिंधीवर पिवळा-तांबडा चिकट थर आला. हळद, कुंकू आणि तूप, बारूदाच्या आचेने भाजलेलं. बार उडाला की काडतूस फुगतं, ते या थरात रुतून बसलं होतं.

दसऱ्याला तांड्यात हत्यारांची पूजा होते आणि नायकाघरी ती नायकीण करते. दारात उभ्या नायकिणीने, हंसाबाईने, चिंधी पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. डोमाजीनेही ते पाहिलं. त्याने चिंधी घडी करून खिशात घातली, काडतुसाचं घर स्वच्छ केलं, उरलेली काडतुसं पुसली आणि रायफल नायकाच्या हाती दिली.

नायकाने समोरच्या दरडीवर बार काढला. काडतूस सुटलं, पण बाहेर न उडता खाचेतच लोळत राहिलं. लोक कुजबुजले.

"नायक, रायफल ठीक हाय," डोमाजी म्हणाला. "तुम्हीच तिले भिऊन राह्यले. बोल्ट झटक्यानं पार मागं ओढा."

नायकाने हिसडा दिला तसं पुढचं काडतूस थेट बाजेपाशी जाऊन पडलं.

"आता चालली," फुलसिंग म्हणाला, "मंग त्या दिवशी काहून नाही चालली? देव कोपला का तुहा हात चुकला, सांग."

खरं सांगावं तर भरल्या तांड्यात दिराच्या जखमेचं खापर त्या बाईच्या माथी फुटणार, शिवाय देव सोडलेला माणूस पूजेला नावं ठेवतो असंही होणार. डोमाजीने खाली बघत पेटी बंद केली.

"माहा हात चुकला," तो म्हणाला.

एवढ्या एका वाक्यात त्याचं दहा-अकरा वर्षांचं नाव गेलं. परत जाऊन तुळसाबाईला काय सांगायचं, हेच त्याच्या मनात होतं. तेवढ्यात हंसाबाई पायरी उतरून आली, त्याच्यापुढे उभी राहिली आणि तिने हात पुढे केला.

"चिंधी दे."

त्याने दिली. तिने ती सगळ्यांसमोर उलगडली.

"हे तूप माह्या हातचं हाय. दसऱ्याले म्याच बोल्ट उघडून अंदर हळद-कुंकू भरलं, काडतुसाइलेबी लावलं. मिस्त्रीचं काही चुकलं नाही." मग दिराकडे वळून म्हणाली, "तुह्या पायाचा दोष मले दे."

फुलसिंगने मान खाली घातली.

हंसाबाई पुन्हा डोमाजीकडे वळली. तिच्या आवाजात राग होता आणि तो त्याच्यावरच होता, पण हाक तिच्या बोलीतली, भावाला मारतात ती होती.

"माह्यावालं तुह्या अंगावर कायले घेतलं, भिया?"

"सवय हाय बाई," डोमाजी म्हणाला. "आमच्या बापजाद्यापासून."

"मंग नागपूरले कायले गेलता?"

बायकोपुढेही कधी डोळ्यांत पाणी न आणणारा तो माणूस त्या लिंबाखाली, सगळ्या तांड्यादेखत, पेटीवर बसून रडला.