सुळक्यावर माझ्या विनोदाला कोण हसलं?

बिबवेवाडीत माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना नीट दिसावं हाच धंदा, त्यामुळे न दिसणाऱ्या गोष्टींशी आपला कधी संबंध आला नाही. भुतंखेतं, चकवा, अंगात येणं... अशा गप्पा निघाल्या की टर उडवण्यात मी सगळ्यात पुढे. या सदरातले अनुभवसुद्धा मी आजवर करमणूक म्हणूनच वाचत आलो — राग मानू नका. आणि आज मीच लिहायला बसलोय!

कॉलेजपासून मला सह्याद्रीतल्या कड्या-सुळक्यांवर चढायचा नाद आहे. जोडीदार कायम एकच, इरफान. मंडईजवळ त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस दोराच्या बाबतीत अतिशय कडक आणि बोलण्यात त्याहून कडक. मला विनोद सांगायची खोड आहे, आणि इतक्या वर्षांत इरफान माझ्या एकाही विनोदाला हसलेला नाही. तसं म्हटलं तर कोणीच हसत नाही. घरी बायको "झालं का सांगून?" एवढंच विचारते.

मागच्या जानेवारीत आमच्याबरोबर माझी भाची सई आली. ती आयटीत आहे. हिंजवडीला ऑफिस सुटल्यावर जिममधल्या कृत्रिम भिंतीवर चढायची, तिथे अगदी पाल! पण खरा खडक तिने कधी हाताळला नव्हता. निघताना ताईने मला बाजूला घेऊन सांगितलं, "जशी नेतोयस तशी आणायची. ओरखडासुद्धा चालणार नाही मला."

कात्रजचा घाट ओलांडून, भोर मागे टाकून, वरंध घाटाच्या अलीकडे एका वाडीत आम्ही गाडी लावली. वाडीच्या मागच्या डोंगरसोंडेवर एक सुळका आहे. गावातले लोक त्याला नुसतं 'बोट' म्हणतात. आकाशाकडे रोखलेलं बोटच ते! निम्म्या उंचीवर एक अरुंद लेज आहे, म्हणजे जेमतेम सोफ्याएवढ्या रुंदीची खडकाची पट्टी. तिच्या उजव्या टोकाला सावली असते, खडकात ठोकलेला जाड बोल्ट असतो, आणि डोक्यावर माथ्याकडे जाणारी भेग असते. जो तो तिथेच थांबतो, दोर बांधतो, पाणी पितो आणि पुढे निघतो.

आम्हीही तिथे पोचलो. सकाळचं कोवळं ऊन, खाली धुक्यात बुडालेलं धरण, वारा नाही... काय वर्णू! आणि तेवढ्यात सईने खाली बघितलं.

"मामा, मला नाही जमणार."

"अगं, निम्मं तर झालं!"

"वर पण नाही आणि खाली पण नाही. मी इथेच राहणार."

तिचे पाय शिवणयंत्रासारखे थरथरत होते. बोल्टला बांधलेली असूनही ती खडकाला मिठी मारून खाली बसली होती. हे चढणाऱ्या प्रत्येकाचं कधी ना कधी होतं. पण असा गोठलेला माणूस खाली नेणं फार अवघड, कारण सांगितलेलं त्याला ऐकूच येत नाही. माझ्या डोळ्यांसमोर ताई.

मग मला जे एकच येतं ते मी केलं. विनोद सांगितला.

"सई, ऐक. एक गृहस्थ घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे जातात. म्हणतात, अहो, हे घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. तो म्हणतो, मग दहा मिनिटांनी या."

सई रडकुंडीला आलेली. इरफान दोराचा गुंता सोडवत होता, त्याने मानसुद्धा वर केली नाही. आणि अशा त्या शांततेत... कोणीतरी हसलं.

अगदी खळखळून. जाडसर, मोकळं, वयस्कर माणसाचं हसणं. शेवटी जरा ठसकाही लागला. आवाज लेजच्या डाव्या टोकाकडून आला. तिथे पट्टी एका कोपऱ्याआड वळते आणि पुढचं दिसत नाही.

सईने रडं थांबवून माझ्याकडे पाहिलं. "तिकडे कोण आहे?"

"दुसरा ग्रुप असेल," मी म्हणालो. "कोण आहे हो तिकडे?"

इरफानने हातातला गुंता खाली ठेवला.

"गाडी एकच होती खाली. आपली," इरफान म्हणाला.

मी दुसरा सांगायला घेतला. कात्रजच्या सर्पोद्यानात एक गृहस्थ तासभर अजगरासमोर उभे असतात. रखवालदार म्हणतो, अहो, तो आज हलायचा नाही... मी इथवरच आलो होतो, तोच कोपऱ्याआडून पुन्हा हास्याचा गडगडाट! शेवट व्हायच्या आधीच!

"त्याला माहीत होता हा," सई पुटपुटली.

"ह्याचे विनोद सगळ्यांनाच माहीत असतात," इरफान म्हणाला.

आणि सई फिसकन हसली. ते पलीकडचं हसणंच असं संसर्गजन्य होतं की मलाही आवरेना. हसता हसता तिचे पाय थांबले. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, तुमच्या विनोदाला हसणारा माणूस मला बघायचाच आहे."

खरं सांगायचं तर मलाही बघायचा होता.

इरफानचा चेहरा मात्र गंभीर झाला होता. कोणी पोरं दोराशिवाय चढून तिकडे अडकली असतील, ही त्याला धास्ती. लेजच्या मध्यावर आणखी एक बोल्ट आहे. त्याने दोर तिकडे नेऊन पक्का केला, दुसरा दोर खांद्यावर टाकला आणि आम्ही तिघे एकामागे एक डावीकडे सरकलो. सॅक उजव्या टोकालाच ठेवली.

कोपरा वळून पाहिलं. पलीकडे कोणी नव्हतं. कोणी असायला जागाच नव्हती! वळणानंतर पट्टी संपते आणि खाली सरळ दरी. टोकाला वाळलेल्या गवताचा एक झुबका, बस.

"अहो?" मी उगाच हाक मारली.

त्याच क्षणी मागे कडाड असा आवाज झाला. इरफान ओरडला, "भिंतीला चिकटा!" भेगेतून ट्रंकेएवढा धोंडा सुटला, थेट लेजच्या उजव्या टोकावर आदळला आणि आमची सॅक घेऊन खाली गेला. तो खाली पोचल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला. जिथे सई खडकाला मिठी मारून बसली होती, तिथे आता पांढरी जखम होती, आणि हवेत खडकाचा जळका वास.

पहिली सईच म्हणाली, "इरफानमामा, दोर लावा. मी आधी उतरते." आणि उतरली, एकदाही न थांबता. पायथ्याशी सॅक सापडली. आतला डबा चपातीसारखा चपटा झालेला.

वाडीत चहा देणाऱ्या मावशींना विचारलं, आज वर कोणी गेलं होतं का.

"न्हाय बा. सकाळधरनं तुमीच. माकडं वरडत असतील."

"माकडं विनोदाला हसतात का हो?"

"कसला इनोद?"

मी घड्याळाचा सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "मंग? गेला का त्यो दहा मिन्टांनी?"

त्यावर इरफान, आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मला वाटतं, तेव्हा त्याची भीती बाहेर पडली.

ताईला आम्ही धोंड्याचं सांगितलं, हसण्याचं नाही. ट्रेकिंगच्या मित्रांना मात्र सगळं सांगितलं. कोणी म्हणालं प्रतिध्वनी. पण प्रतिध्वनी यायला आधी कोणीतरी हसायला लागतं. कोणी म्हणालं वारा. पण वारा विनोद संपेपर्यंत थांबत नाही. त्या सुळक्यावर कधी कोणी दगावल्याचीही गोष्ट नाही, वाडीत मी चारचौघांना विचारलं. मला आजही काही सांगता येत नाही. तिघांनी ऐकलं, एवढं नक्की.

या जानेवारीत आम्ही पुन्हा गेलो. भेग साफ होती, आणि सई पुढे राहून माथ्यावर पोचली. उतरताना लेजवर थांबलो तेव्हा इरफानने घसा साफ केला आणि त्या कोपऱ्याकडे तोंड करून चक्क एक विनोद सांगितला. सायकलवाल्याचा. इतका वाईट विनोद मीसुद्धा कधी सांगितला नसेल. संपल्यावर आम्ही तिघेही गप्प उभे राहिलो, कान देऊन. खाली धरणावरून घारींची एक जोडी गेली. बाकी काही नाही.

"कळला नसेल," इरफान म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला.