कोंबडीचा उजवा डोळा

आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे एखादी गोष्ट आपल्याला कळली आहे की नुसती कळल्यासारखी वाटते आहे, अशी शंका मला कायम असते. हे लिहितानाही आहे.

तिसऱ्या वर्षाला इंटर्नशिप करावी लागते. मला ती एका खेळण्यांच्या कंपनीत मिळाली. लोअर परळला काचेच्या इमारतीत छोटं ऑफिस, आणि माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठी असलेली एक मुलगी माझी वरिष्ठ. तिला सगळे नावाने हाक मारायचे, मला ते जमेना, म्हणून मी ताई म्हणायचे. कंपनीने ठरवलं होतं की फार वर्षांपूर्वी बंद केलेली काही खेळणी परत काढायची. मुलांसाठी नाही, तेव्हा जी मुलं होती त्यांच्यासाठी. पहिला नंबर चावीच्या कोंबडीचा. पिवळ्या पत्र्याची, मुठीएवढी, लाल तुऱ्याची. चावी दिली की टकटक चोच मारत पुढे जायची.

लोकांचे मेसेज वाचून त्यांचं एका तक्त्यात वर्गीकरण करायचं, हे माझं काम. मेसेज खूप यायचे. मोठमोठ्या हुद्द्यांवरची माणसं लांबलचक लिहायची आणि बहुतेकांची एक मागणी ठरलेली असायची. नवी कोंबडी काढा, पण तिचा उजवा डोळा बदलू नका. जुन्या पुष्कळ कोंबड्यांचा उजवा डोळा खाली ओघळलेला असायचा, डुलकी लागल्यासारखा. तो हवा. एकाने तर लिहिलं होतं, डोळा सरळ असेल तर मी घेणार नाही.

सुरुवातीला मला याचा रागच यायचा. वाटायचं, या लोकांकडे एवढा वेळ कुठून येतो. खेळणं मुलांनी खेळायचं असतं. कपाटात ठेवायला मोठ्यांनी घ्यायचं आणि त्यासाठी कंपनीने ते परत काढायचं, याला काय अर्थ आहे. मग महिनाभर वाचून वाचून तो राग दमला. माणसं खोटं लिहीत नव्हती. पण म्हणून खेळणी परत काढावीत का, ते मला सांगता येईना.

एका मीटिंगमध्ये ताईने सगळ्यांना विचारलं, "तुमच्यापैकी कोणाच्या घरी होती ही कोंबडी?"

दोघांनी आपापल्या काकांच्या, मामांच्या आठवणी सांगितल्या. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "आमच्याकडे खूप होत्या. पण आमच्या नव्हत्या."

सगळे हसले. मग मला समजावून सांगावं लागलं. आजोबांची गिरणी बंद पडली त्यानंतरची ही गोष्ट. कारखान्याचा माणूस लालबागच्या आमच्या चाळीत खोकी आणून टाकायचा. खोक्यात बिनडोळ्यांच्या कोंबड्या. चाळीतल्या बायका गॅलरीत बसून त्यांचे डोळे रंगवायच्या. आजी रंगवायची आणि शाळेतून आल्यावर आईसुद्धा. आई तेव्हा बारा वर्षांची होती.

ताई माझ्याकडे बघतच राहिली. "म्हणजे तो डोळा तुझ्या आईने काढलाय?"

त्या ऑफिसात माझ्या घरातली कुठलीही गोष्ट कोणाला उपयोगाची वाटली, ती पहिलीच वेळ. मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

आठवड्याभरात ताईने ठरवलं की नव्या कोंबड्यांचे डोळे आईकडूनच रंगवून घ्यायचे. बारा नमुने दिले. शिवाय बघायला म्हणून एक जुनी, खरी कोंबडी दिली. ती ऑफिसची नव्हती. शिवाजी पार्कला राहणाऱ्या एका गृहस्थांनी ती मोठ्या विश्वासाने वापरायला दिली होती. लहानपणची त्यांच्याकडे उरलेली ती एकच वस्तू. "जपून हां," ताई म्हणाली. मी ती ओढणीत गुंडाळून घरी आणली.

आई परळच्या एका हॉस्पिटलात आया आहे. सकाळची ड्युटी करून चारला घरी येते आणि आली की आधी पाय वर करून भिंतीला लावते. तशीच पडून तिने कोंबडी हातात घेतली.

"अगो, ही अजून जिवंत?"

मग तिने सांगितलं ते असं. ब्रश कोणी देत नसे. झाडूच्या हिराची काडी पांढऱ्या रंगात बुडवून टिपका द्यायचा. तो सुकला की टाचणीचं डोकं काळ्यात बुडवून मधोमध ठेवायचं. आधी सगळ्या कोंबड्यांची डावी बाजू करायची, मग उलटून उजवी. उजवी होईपर्यंत कारखान्याच्या माणसाची यायची वेळ झालेली असे. पांढरा सुकायला वेळ नसे. ओल्यावरच काळा ठेवला की तो खाली घसरे.

"मग तसल्या कोंबडीला काय म्हणायचे?"

"झोपलेली. तो माणूस एकेक उचलून बघायचा. 'बाई, ही झोपली, ही पण झोपली,' म्हणत बाजूला काढायचा. त्या घासलेटाने पुसून परत करायच्या. दिवाळीच्या आधी मात्र सगळ्या घेऊन जायचा, झोपलेल्या काय आणि जाग्या काय."

इथे मी चूक केली. लोकांना ती झोपलेलीच हवी आहे, हे मला त्याच वेळी सांगता आलं असतं. पण ज्याच्यासाठी तिने बोलणी खाल्ली, तेच आता मोठी माणसं मागतायत, हे तिला कसं सांगायचं ते मला सुचेना. मी एवढंच म्हटलं, "तेव्हा करायचीस तशाच कर."

"तशाच करते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तेव्हा बाराही कोंबड्या खिडकीत ओळीने सुकत होत्या. चोवीस डोळे एकसारखे गोल, स्वच्छ. शेवटी तेरावी. तिचा उजवा डोळाही गोल होता, टक्क उघडा.

"आई, ही कुठली?"

"ती तुझी जुनी. झोपली होती ना. केली सरळ." ती कणीक मळत होती. "घासलेट आता मिळत नाय कुठे, म्हणून बाजूच्या पेंटरकडून थिनर आणला. हट्टी रंग, निघता निघत नव्हता. काय झालं? अशी का बसलीस?"

मी सगळं सांगितलं. तिचे हात कणकेतच थांबले.

"मग काल बोलायचं होतं ना."

"हो."

"माल परत आला म्हणजे दुरुस्त करायचा, एवढंच मला माहीत. दुसऱ्याची वस्तू होती, विचारायला पाहिजे होतं मी." थोड्या वेळाने म्हणाली, "त्या साहेबांकडे मला घेऊन चल. तू एकटी जाऊ नको."

मी ताईला फोन केला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने त्या गृहस्थांना कळवलं आणि शनिवारी दुपारी आई आणि मी त्यांच्याकडे गेलो.

जुन्या इमारतीतलं पहिल्या मजल्यावरचं घर. गृहस्थ आईपेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असतील. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. मी ओढणीतून कोंबडी काढून टीपॉयवर ठेवली. ती त्यांनी वळवली आणि उजवी बाजू बघत राहिले.

आईच बोलली. "साहेब, चूक माझी. हिची नाय. मला वाटलं, परत आलेला माल आहे."

"परत आलेला?"

आईने त्यांना हीर, टाचणी, ओला पांढरा, सगळं सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे ती चूक होती."

"घाई होती," आई म्हणाली.

"मला हे माहीत नव्हतं." त्यांनी कोंबडी हातात घेतली. "आमच्याकडे ही काचेच्या शोकेसमध्ये असायची. आई हातात द्यायची नाही, मोडेल म्हणून. उजवी बाजू काचेकडे. मला लहानपणी सारखा ताप यायचा. पलंगावरून हीच दिसायची. मला वाटायचं, हिलाही बरं नाहीये. म्हणून ही पण झोपून आहे."

"म्हणजे खेळलात नाय कधी?"

"नाही. चावी मी फिरवली ती कॉलेजला गेल्यावर." ते जरासे हसले. मग त्यांनी आईला विचारलं, "बाई, ही तुम्हीच रंगवली असेल का? तेव्हा?"

त्यांना 'हो' ऐकायचं होतं, ते मलासुद्धा दिसत होतं. आई हो म्हणाली असती तर कोणाचं काही बिघडलं नसतं.

"कोण जाणे," आई म्हणाली. "आमच्या एकाच चाळीत तीस-चाळीस बायका होत्या."

त्यांनी मान हलवली. आईने पिशवी उघडली. पांढरा, काळा, थिनरची बाटली, कापूस, हिराची काडी, टाचणी, सगळं ती घेऊन आली होती. "मी परत तशी करून देते. झोपवायला वेळ लागत नाय."

त्यांनी कोंबडी आईच्या पुढ्यात ठेवली. मग म्हणाले, "बघा प्रयत्न करून."

टीपॉयवर वर्तमानपत्र पसरलं. आईने चष्मा लावला. तिने स्वतःच सरळ केलेला तो टक्क उघडा डोळा पुसला, काडीने पांढरा टिपका दिला आणि लगेच टाचणी टेकवली. काळा हळूच खाली उतरला. इतकं सहज झालं ते. मला वाटलं, सुटलो.

त्यांनी जवळ घेऊन पाहिलं. लांब धरून पाहिलं. "हा पुढे झुकलाय. चोचीकडे. तो सरळ खाली होता."

आईने पुसलं, परत केलं. या वेळी काळा फारच खाली आला.

"नाही, इतका नाही."

"बरं."

तिसऱ्यांदा केला तो माझ्या मते चांगला होता. त्यांनी खूप वेळ पाहिला. "जवळपास आहे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. एखाद्याची ओळख पटत नसताना माणूस ज्या आवाजात बोलतो, तसा होता. "अजून एकदा कराल?"

आईने कापूस थिनरमध्ये भिजवला आणि डोळा पुसला. कापूस पांढरा-काळा व्हायच्या ऐवजी पिवळा झाला. तिने हात मागे घेतला. डोळ्याच्या जागी खालचा पिवळा विरला होता आणि तिथून मसुराच्या डाळीएवढा पत्रा चकाकत होता.

"साहेब, आता नाय," आई म्हणाली. "आता पुसलं तर अंगाचा रंग निघेल. पिवळा लावता येईल, पण तो नवीन दिसेल. पत्र्यावर पांढरा धरणारही नाय नीट."

खालच्या मैदानातून क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचा आरडाओरडा येत होता. ते म्हणाले, "राहू द्या."

"माफ करा."

"तुम्ही काय कराल," ते म्हणाले आणि आत जाऊन स्वतः चहा करून घेऊन आले. आम्ही तो प्यायलो. निघताना कोंबडी टीपॉयवरच होती, डाव्या डोळ्याची बाजू आमच्याकडे करून. ती त्यांनी मुद्दाम तशी ठेवली की आपोआप तशी राहिली, मला माहीत नाही.

आम्ही चालत दादरच्या बस स्टॉपपर्यंत आलो. आईच्या बोटांना थिनरचा वास येत होता. बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "ऑफिसात सांग, त्या नवीन मी नाय करत."

"का? त्यांना तुझाच हात हवाय."

"सरळ करायला सांगितल्या असत्या तर हजार केल्या असत्या. झोपलेली कशी असते ते ज्याचं त्याला माहीत. एक म्हणणार जास्त झाली, दुसरा म्हणणार कमी. माझ्या हातून कोणाचीच व्हायची नाय." तिने डोळे मिटून घेतले. "तेव्हा एकच माणूस बघायला यायचा, ते बरं होतं."

मी तिला काही समजावलं नाही. बस आली, आम्हाला बसायला जागाही मिळाली.

सोमवारी मी ताईला सांगितलं. मला वाटलं होतं की ती आग्रह करेल, किंवा निदान नमुन्यांचं काय झालं ते विचारेल. तिने लॅपटॉपवरून मान वर केली. "ठीक आहे. तसाही हाताने फार वेळ गेला असता. जुने फोटो आहेत आपल्याकडे, त्यावरून स्टिकर करून घेऊ."

स्टिकर छान आले. सगळ्या कोंबड्यांचा उजवा डोळा सारखाच झुकलेला, मापात. विक्रीच्या पहिल्या दिवशी आलेल्या मेसेजमध्ये बहुतेक लोक खूश होते आणि मी ते तक्त्यातल्या 'खूश'च्या रकान्यात भरले. शिवाजी पार्कच्या पत्त्यावर ऑफिसने एक कोंबडी भेट म्हणून पाठवली. मिळाली, आभारी आहे, असं त्यांचं उत्तर आलं. ते कुठल्या रकान्यात घालायचं ते मला कळलं नाही. मी ते तसंच ठेवून पुढचा मेसेज उघडला.