पगार बी माझा, बुक्का बी माझा

आमच्या गाडीच्या कंडक्टर बाई कुणालाही 'माउली'शिवाय हाक मारत नसत. म्हातारी असो, कॉलेजची पोरगी असो, नाहीतर दारात लटकणारा एखादा उनाड गडी असो, सगळे माउली. एकदा फुलंब्रीला एक झिंगलेला इसम चढला आणि खिडकीच्या जागेसाठी भांडायला लागला. बाईंनी गाडी थांबवली, त्याचा दंड धरला आणि त्याला पायरीवरून खाली उतरवत म्हणाल्या, "उतरा माउली. शुद्धीवर आलात की मागच्या गाडीनं या." शब्द एवढे गोड आणि पकड अशी, की गड्याच्या दंडावर बोटं उमटली असणार! शेवटी आम्ही त्यांनाच माउली म्हणायला लागलो. छातीवरच्या पट्टीवर त्यांचं खरं नाव होतं, पण ते कुणी कधी वाचल्याचं मला आठवत नाही.

मी राहते हर्सूलला आणि शिकवते सिल्लोडच्या शाळेत. रोजचं अप-डाउन. जायला-यायला फर्दापूरची लाल गाडी, ड्रायव्हर सलीमभाई आणि कंडक्टर माउली. अंगात खाकी कोट, गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि त्याखाली बुक्क्याचा ठसठशीत टिळा. गर्दीतून वाट काढतानाही ओठ हलत असायचे, नामस्मरण चालूच. माझ्याच शाळेतल्या वर्षा मॅडम शेजारी बसायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला कोपरानं ढोसलं, "बघ, काकूबाई आली! आता तिकिटाआधी सोवळं-ओवळं विचारील."

वर्षा मॅडम मनाच्या वाईट नव्हत्या, पण जिभेला लगाम नव्हता. एके दिवशी त्यांनी माउलींना तोंडावरच विचारलं, "अहो, शिकलेल्या तुम्ही, स्वतःच्या पगाराच्या, मग हे कपाळभर काळं कशाला? लोकांना वाटतं, नवऱ्यानं नाहीतर सासूनं जबरदस्ती केलीय." माउली खळखळून हसल्या. त्यांचं हसणं पार शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जायचं. "सासू तर नगं म्हणायची! घरात दर बुधवारी मटण शिजायचं, आन् सून माळकरीण. लई बोलली बिचारी. पण माळ मी माझ्या मर्जीनं घातली बगा. नोकरी बी मर्जीनं धरली. पगार बी माझा, बुक्का बी माझा. कुणाला काय वाटायचं ते वाटू द्या, माउली." वर्षा मॅडमनी पर्स उघडली आणि तिकिटाचे सुट्टे पैसे मोजायला घेतले.

माझीही एक गंमत त्यांनी पकडली होती. आमचं घराणं मूळचं भिक्षुकीचं, पुढं आजोबा-वडील कारकून झाले. देवाचं म्हटल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. पण स्टाफरूममध्ये 'देव-देव करणारी' म्हणून कोण टवाळी ओढवून घेणार? म्हणून मी कानात इयरफोन खुपसायची आणि खिडकीकडं तोंड करून स्तोत्र पुटपुटायची. बघणाऱ्याला वाटावं, बाई गाणी ऐकतायत. माउली तिकीट द्यायला आल्या, वाकल्या आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, "माउली, वायर कशालाच जोडलेली नाय की!" मी लाजेनं लालबुंद. त्या मात्र डोळा मिचकावून पुढं गेल्या. कुणाला बोलल्या नाहीत.

माउली हर्सूलच्याच. कीर्तन करायची त्यांची फार जुनी इच्छा. आवाज खणखणीत, पाठांतर दांडगं. पण आमच्याकडच्या सप्ताहात कीर्तनाला बाई कधी उभी राहिली नव्हती. कमिटीचे म्हातारे अप्पा म्हणायचे, "दिवसभर पुरुषांच्या गर्दीत धक्के खाणारी बाई, ती काय कीर्तन करणार?" आहे की नाही मजा! वर्षा मॅडमना माउली फार जुन्या वाटायच्या आणि अप्पांना फार नव्या. दोन वर्षं माउलींनी पिच्छा सोडला नाही, तेव्हा अप्पांनी एक संध्याकाळ दिली. वर बजावलं, "एकदाच. जमलं नाही तर पुन्हा नाव काढायचं नाही."

त्या दिवशीही त्या ड्यूटीवर. मी वैतागून म्हटलं, "अहो, रजा नाही का टाकायची?" तर म्हणाल्या, "आन् गाडी? बेल मारायला काय विठ्ठल येनार हाय?"

परतीच्या गाडीत उन्हाचा नुसता वणवा. सिल्लोडला गर्दी एवढी, की माउलींना घोटभर पाणी प्यायला सवड मिळाली नाही. आळंदच्या अलीकडं एक बाई घाईनं दाराकडं निघाली, तिच्या पिशवीचा बंद माउलींच्या माळेत अडकला आणि काय होतंय ते कळायच्या आत माळ तुटली. टपटप मणी सगळ्या गाडीभर! ती बाई घाबरून पाण्याची बाटली पुढं करायला लागली. माउलींनी मानेनंच नको म्हटलं. माळकऱ्यांची रीतच आहे, माळ तुटली की ती ओवून परत गळ्यात पडेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. दोन तासांनी कीर्तन, घसा आत्ताच कोरडा, आणि हर्सूल अजून लांब. आवाजच बसला तर अप्पांना आयतंच निमित्त मिळेल.

सलीमभाईंनी आरशात बघितलं आणि गाडी लिंबाखाली घेतली. "पानी बी नै पीते क्या मौली? रोजे जैसाच हुआ ना ये तो. लेव, मैं बी नै पीतूं. पैले माला पिरो लेव." आणि माळ ओवून होईपर्यंत म्हणून स्वतःची बाटली सीटखाली सरकवली.

मग जे झालं ते बघायला हवं होतं! अख्खी गाडी खाली वाकली. शेंगांच्या फोलपटांतून, चपलांखालून, पोत्यांच्या फटींतून माणसं मणी वेचू लागली. आणि सगळ्यांत पुढं, दोन्ही गुडघे टेकून, कडक इस्त्रीच्या साडीत आमच्या वर्षा मॅडम! मणी जमले, पण दोरा कुठला? वर्षा मॅडमनी मागचा-पुढचा विचार न करता आपल्या नव्या साडीचा फॉल उसवला आणि लांबलचक दोरा ओढून काढला. सुई नव्हती. मी दोऱ्याचं टोक तोंडाकडं नेलं तर खेकसल्या, "उष्टं करतेस? थांब." पर्समधून नेलपेंटची बाटली काढली, टोकाला गुलाबी रंग फासला आणि फुंकर मारली. टोक सुईसारखं कडक झालं. मी मणी देत गेले, त्या ओवत गेल्या. दोरा दुहेरी करून गाठ मारली आणि माळ गळ्यात पडली, तेव्हा गाडीत टाळ्या वाजल्या. माउलींनी पाणी घेतलं. डोळे भरून आले होते, पण म्हणाल्या एवढंच, "चला माउली, उशीर झाला," आणि बेल मारली.

संध्याकाळी मंडप भरला होता. आम्ही बायका पार मागं, कनातीला चिकटून उभ्या. पुढं अप्पा आणि पुरुष मंडळी ऐसपैस मांड्या घालून. माउली उभ्या राहिल्या. आवाज घोगरा निघाला. कुणीतरी खाकरलं, अप्पांनी शेजाऱ्याकडं बघितलं. माउलींनी टाळकऱ्यांना हातानं थांबवलं, मंडपावर नजर फिरवली आणि रोजच्या त्या गाडीतल्या आवाजात म्हणाल्या, "पुढं सरका माउली, मागं मानसं उभी हायेत!"

मंडप हसला, आणि खरंच सरकला. बायका पुढं येऊन बसल्या. मग त्यांनी तेच सूत्र धरलं. देवानं आपल्याला जागा दिली ती पाय पसरायला नाही, सरकून मागच्याला बसवायला दिली, असं सांगत गेल्या. बोलता बोलता घसा मोकळा झाला, मृदंग रंगला. मी इतक्या अभिमानानं कुणाकडं बघितल्याचं मला आठवत नाही. शेवटी कीर्तनकाराच्या पाया पडायला रांग लागली, तेव्हा काठी टेकत पहिले उठले ते अप्पा. वाकले. माउली ओशाळून मागं सरल्या, तर म्हणाले, "असू द्या. पुढल्या सप्ताहाचं कीर्तन बी तुमचंच."

दुसऱ्या दिवशी माझ्या डब्याच्या पिशवीत एक मणी सापडला. मी तो परत द्यायला गेले. त्यांनी माझी मूठ मिटली. "ठिवा तुमच्यापाशी. माळ तर पुरी झाली की."

पुढं त्यांची बदली झाली. सप्ताहाला मात्र त्या येतात, आणि आता मंडपात बायका पहिल्यापासूनच पुढं बसतात. तो मणी मी मंगळसूत्राशेजारी, वेगळ्या दोऱ्यात, साडीच्या वर दिसेल असा घालते. इयरफोन मुलीला देऊन टाकले. गाडीत स्तोत्र म्हणते, ते मोठ्यानं. परवा शाळेत नवीन आलेल्या एका मॅडमनी माझ्या गळ्याकडं बघून नाक मुरडलं, "काय हो, तुम्हीपण काकूबाई?"

मी काही बोलायच्या आत वर्षा मॅडम गर्रकन वळल्या. मी त्यांना हातानंच थांबवलं. हे उत्तर माझं होतं.

"व्हय, माउली," मी म्हटलं. "माझ्या मर्जीनं."