किल्ली आबांच्या कमरेलाच होती

माझे वडील झोपेत गेले.

आणि ते झोपतात, हे शाळेला लेखी कळवणारी मीच होते.

आज वर्ष झालं. सकाळपासून ही पोस्ट तीनदा लिहून डिलीट केली.

शिनोलीच्या रस्त्याला आमचं मुलींचं वसतिगृह आहे. आबा तिथे रखवालदार होते. त्याच आवारातल्या शाळेत मी इतिहास शिकवते.

मला मात्र पहिलं शिकवलं आबांनी. डोंगरात, मढ गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. ओढा भरला की शाळेची वाट बंद. तिसरीपर्यंत आबाच माझे मास्तर. स्वतः सातवी पास.

रोज संध्याकाळी पाटीवर तीन ओळी. आज काय पाहिलं, ते.

एकदा मी लिहिलं, 'बैल दमला.'

"तुला त्यानं सांगितलं व्हय?" आबा म्हणाले. "मान खाली घातली, येवढंच दिसलं ना? मग तेवढंच लिव्ह."

मी अजून तशीच लिहिते. घाबरत, दिसलं तेवढंच.

ते जाण्याच्या दोन महिने आधीची गोष्ट. शनिवारच्या तासाला मी नववीच्या मुलींना शंभर वर्षांपूर्वीची अमेरिका दाखवत होते. बोटीने आलेली कुटुंबं. गिरणीत सूत जोडणारी लहान मुलं. मुली फोटो झूम करून त्यांचे अनवाणी पाय बघायच्या.

मग १९११ ची न्यूयॉर्कमधली आग आली. कपडे शिवायचा कारखाना, उंच इमारतीच्या वरच्या मजल्यांवर. तोही शनिवार होता, सुट्टी व्हायची वेळ. एका जिन्याचं दार कुलूपबंद. मुली कापड चोरतील म्हणून. शंभराहून जास्त माणसं गेली, बहुतेक तरुण मुली.

मुली म्हणाल्या, करून बघू. बाक म्हणजे मशिनी. खडूने दार काढलं. आणि खऱ्या किल्ल्या आबांकडे, म्हणून मुकादम आबा.

"आबा, आता आग लागली," एक मुलगी म्हणाली. " तुमी दुसऱ्या जिन्यानं पळायचं."

"किल्ली घेऊन?"

"हां. तसंच झालतं तिथं."

"मी न्हाई जायचो."

"अवो, नाटक हाय आबा!"

"आसंल. किल्लीवाला आदी पळतो व्हय कुठं? दुसरा मुकादम बघा."

सगळा वर्ग हसला. आबा खडूच्या दारातून हलायला तयार नाहीत.

मग वसतिगृहातली सविता म्हणाली, "मॅडम, आमच्या झोपायच्या हॉलला पण बाहेरूनच कुलूप असतंय की."

कुणी हसलं नाही.

कुलूप बिबट्यामुळे. मागे ऊस आहे, तिथे तो दिसतो. रात्री कुणी मुलगी बाहेर पडू नये, हे पालकांचंच म्हणणं. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी अर्ज लिहिला. 'दार बाहेरून बंद असते. किल्ली एकाच माणसाकडे असते. तो माणूस रात्री झोपतो, हे मी स्वतः दोनदा पाहिले आहे.'

शेवटचं वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

आठवड्यात कुलूप निघालं. आतून कडी बसली. आणि आबांना मेमो मिळाला.

चष्मा लावून त्यांनी तो दोनदा वाचला.

"दोनदाच पाह्यलंस?"

"हो."

"मग बराबर लिवलंस."

मी उठायला लागले, तेव्हा म्हणाले, "मी पळंन आसं वाटलं का तुला?"

"आबा, पळायचा प्रश्नच नाही. तुम्हाला झोप लागते."

"लागती." त्यांनी मेमोची घडी घातली. "पण मला आदी सांगायचं व्हतं, माये."

मी सॉरी म्हटलं नाही. मी बरोबर होते ना.

त्या दिवसापासून त्यांनी खोलीतली बाज व्हरांड्यात आणली, मुलींच्या दारासमोर. माझ्या डस्टरच्या डब्यातला खडू घेतला. दार पूर्ण उघडून, ते जिथवर येतं तिथे फरशीवर रेघ मारली. बाज रेघेच्या पलीकडे.

"थंडी आहे आबा, आत झोपा. आता कडी आहे."

"बिबट्याला मेमो दिलाय का कुणी?"

मागच्या वर्षी आजच्या दिवशी सकाळी थाप आली नाही. आबा रोज साडेपाचला दारावर थाप मारून मुलींना उठवायचे. सविताला आपोआप जाग आली. तिने आतून कडी काढली, आबांना हाक मारली, हलवलं. मग धावत माझ्याकडे आली.

हार्ट अटॅक. झोपेतच, काही तासांपूर्वी, असं डॉक्टर म्हणाले.

मी विचारलं, "थंडीने झालं का? बाहेर झोपल्यामुळे?"

"तसं सांगता येत नाही."

म्हणजे मलाही ते लिहिता येत नाही. वर्षभर रोज लिहावंसं वाटतं. पण मी ते पाहिलेलं नाही.

कुलूप निघून दीड महिना झाला होता. तरी जुनी किल्ली करदोड्याला तशीच बांधलेली होती. ती मीच सोडवली.

गेल्या शनिवारी यंदाच्या नववीला तोच धडा घेतला. बाक मांडले, खडूने दार काढलं. मुकादमाचं काम कुणी मागितलं नाही. मीही कुणाला दिलं नाही.

आबा, त्या सकाळच्या तीन ओळी आज लिहिते.

कडी आतून निघाली.
दार पूर्ण उघडलं, तुमच्या बाजेला लागलं नाही.
किल्ली घेऊन तुम्ही कुठेही गेला नव्हता.

तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, आबा. चुकलं माझं.

झोपा आता निवांत. मी कुणाला कळवणार नाही.