भिमाबाईंनी शिकवलेलं

पेठ तालुक्यातल्या त्या पाड्यावर भिमाबाईंचा शब्द मोडायची कोणाची हिंमत नव्हती. सातवी पास झालेली पाड्यावरची पहिली मुलगी त्याच. लग्नानंतर त्यांनी सरकारी शिबिरात आरोग्याचं शिक्षण घेतलं. जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, जखम कशी धुवायची, साप चावला तर दंशाच्या वर घट्ट पट्टी बांधून ब्लेडने कसं कापायचं, सगळं त्यांना करून दाखवलं होतं. गावी परतल्यावर त्यांनी ते घरोघरच्या बायकांना शिकवलं. त्याला आता चाळीसेक वर्षं झाली.

गेल्या पावसाळ्यात मंगळूचा मुलगा अमित नागलीच्या शेतात निंदत असताना त्याच्या पायाला घोणस चावली. पाड्यावरची आशा कार्यकर्ती संध्या त्या दिवशी मीटिंगला पेठला गेली होती. मंगळू धावत आला तो भिमाबाईंच्या दारात.

भिमाबाई तशाच शेताकडे निघाल्या. लुगड्याचा काठ फाडून त्यांनी अमितच्या घोट्याच्या वर आवळला, चावल्या जागी ब्लेडने चीर दिली. कोणी तरी भगताचं नाव काढलं तेव्हा त्या गरजल्या, "भगत नाय! गाडी बोलवा, दवाखान्यात न्यायचा."

घाटात दरड आली होती. नाशिकच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत पाय काळानिळा पडला होता, चिरेतलं रक्त थांबत नव्हतं. डॉक्टर तरुण होते. पट्टी पाहताच त्यांनी विचारलं, "ही कोणी बांधली?"

"मी," भिमाबाई म्हणाल्या. आवाजात थोडा अभिमानच होता.

डॉक्टरांनी आधी जपून पट्टी सोडवली. अमितला इंजेक्शनं सुरू झाली, रक्त चढवलं. तो वाचला, पण पुढचं अर्धं पाऊल काढावं लागलं. मग डॉक्टरांनी भिमाबाईंना बाकावर बसवून सांगितलं, "आजी, दवाखान्यात आणलंत म्हणून तो जगला. पण असं घट्ट बांधायचं नसतं. रक्त अडतं, विष एका जागी साठतं, मांस सडतं. कापायचं तर मुळीच नाही."

"आम्हांला असंच शिकवलं होतं, डॉक्टरसाहेब."

"तेव्हा शिकवायचे. आता नाही."

"मग आम्हांला कोणी सांगितलं का नाय?"



पाड्यावर मात्र उलटंच झालं. भिमाबाईंनीच पोराला वाचवलं, असं जो तो म्हणू लागला. मंगळूने त्यांच्यासाठी कोंबडा आणला. त्यांनी तो परत पाठवला. अमित उंबऱ्यावर पाय पसरून बसलेला असायचा. दरसाल तो दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला जायचा, यंदा बरोबरीचे सगळे टेम्पोत बसून गेले नि तो राहिला. एकदा भिमाबाई त्याच्याजवळ जाऊन म्हणाल्या, "तुझा पाय मी घालवला रे."

"असं नका बोलू, आजी," तो म्हणाला. पण त्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

त्यांना जेवण जाईना. आणखी किती जणांना आपण बांधलं? मागे साप चावलेला ओढ्यापलीकडचा भिका आपल्या हातून गेला तो विषाने, की आपल्या पट्टीने? ते आता कोणीच सांगू शकणार नव्हतं.

संध्याकडे जाऊन त्यांनी नव्या पद्धतीने साप चावल्यावर काय करायचं ते समजून घेतलं. मग भीत भीत विचारलं, "मीठ-साखरेचं पाणी? तेही चुकीचं का?"

"नाय आजी, ते चालतं. दवाखान्याची पुडी मिळाली तर अजून चांगलं."

"बाकीचं कोणतं धरायचं, कोणतं सोडायचं, ते मला कसं कळायचं?"

"मला विचारत जा ना," संध्या म्हणाली.

ज्यांना पूर्वी शिकवलं होतं त्या बायकांच्या घरी भिमाबाई आता एकेक करून जाऊ लागल्या. तानुबाई तर चिडलीच. "तूच नाय का शिकवलंस आम्हांला? ब्लेड अजून जपून ठेवलंय मी. आता म्हणतेस, नको. उद्या हेही बदललं तर?"

"बदललं तर पुन्हा येईन," भिमाबाई म्हणाल्या. "आता माझ्यामागून बोल. बांधायचं नाय. कापायचं नाय. पाय हलू द्यायचा नाय, तडक दवाखाना."

तानुबाईने तोंड वाकडं करत ते तसंच म्हटलं. भिमाबाईंनी ते तिच्याकडून आणखी एकदा म्हणवून घेतलं, ब्लेड मागून घेतलं आणि त्या पुढच्या घराकडे निघाल्या.