आत्याने मोजलेला चौक

"अंदाज नको, आकडा सांग," असे आत्या दिवसातून दहादा तरी म्हणायची. डॉक्टर म्हणाले, रोज थोडे चालत जा, तर हिने विचारले, "थोडं म्हणजे किती पावलं?" डॉक्टरांनी हात टेकले आणि कागदावर दोन हजार लिहून दिले.

आत्या चढावरच्या वस्तीत कपडे शिवायची. नात्याने ती एका पुतणीचीच आत्या, पण हाक सगळ्या वस्तीची. रस्त्याकडच्या खोलीत खिडकीला लागून लांब टेबल, टेबलावर खडू आणि कात्री, आणि आत्याच्या गळ्यात कापडी मोजपट्टी. ती पट्टी बावीस वर्षांची, हाताळून हाताळून मऊ झालेली. आतल्या खोलीत तिची वहिनी राहायची. दोघींचे एकमेकींवाचून पान हलत नसे, आणि दोघींचे पटतही नसे.

वहिनी खालच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर कामाला होती. गुडघे तिचे कधीचेच रुसलेले. पण सकाळची बस दारापासून पन्नास पावलांवर, पाण्याच्या टाकीजवळच्या चौकात येऊन वळायची. त्या पन्नास पावलांच्या जोरावर वहिनीची नोकरी टिकून होती.

मग नगरपालिकेने लांब बसगाड्या घ्यायचे ठरवले. नव्या गाडीला वळायला चाळीस फूट जागा हवी. कुठल्या चौकात किती जागा आहे ते रहिवाशांनीच मोजून कळवावे, असे पत्र वस्तीत आले. मोजायचे म्हटल्यावर आमच्याकडे दुसरे नाव कोण काढणार? आत्या दोन सकाळी रस्त्यावर वाकून, खडूच्या खुणा करत, पट्टीमागे पट्टी लावत पुढे सरकली. दोन्ही वेळा चौक भरला एकोणचाळीस फूट.

आत्याचा आकडा नगरपालिकेनेही डोळे मिटून घेतला. एक फूट कमी म्हणजे कमी. बस यापुढे खालच्या बाजारापर्यंतच येणार, शनिवारच्या सभेत त्यावर शिक्का तेवढा बसायचा होता. वहिनी काही बोलली नाही. बोलली असती तर आत्याला बरे वाटले असते.

शुक्रवारी दुपारी पट्टीच्या टोकाचे पितळ निखळले, म्हणून आत्याने नवी आणली. टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी पसरल्या. नवी पट्टी दोन इंच आधीच संपली. आत्याने आधी नवीलाच नावे ठेवली. मग पट्ट्या घेऊन ती लोखंडी सामानाच्या दुकानात गेली आणि पोलादी टेपाला लावून पाहिल्या. नवी बरोबर होती. जुनी बावीस वर्षे ओढून ओढून लांबली होती. तिच्यावरचे साठ इंच खरे बासष्ट होते. म्हणजे चौक आत्याने सांगितला त्याहून मोठा होता.

परत आल्यावर तिने वहिनीला सगळे सांगितले.

"मग गुपचूप नगरपालिकेच्या इंजिनीअरला चिठ्ठी पाठव," वहिनी म्हणाली. "पुन्हा मोजा म्हणावं."

"कारण काय लिहू? चौक आठवड्यात रुंद झाला?"

"सभेत उभी राहिलीस तर लोक म्हणतील, हिची सगळी मापं चुकीची. उद्या कोण टाकेल तुझ्याकडे कपडे? माझं काय, मी हळूहळू चालत जाईन."

"तू चालत जाणार. तोंड बघ आरशात," आत्या म्हणाली, आणि कापायला घेतलेले कापड तिने घडी घालून ठेवले. त्या दिवशी ती कात्रीला शिवली नाही.

सभा शाळेच्या वर्गात होती. मोठी माणसे लहान बाकांवर गुडघे दुमडून बसलेली. बसचा विषय निघताच आत्या उभी राहिली. "चौकाचं माप मी चुकीचं दिलं," ती म्हणाली. "माझी पट्टी लांबली होती."

 चौकातला दुकानदार मागून बोलला, "म्हणजे माझा शर्ट पोटावर का ताणतो ते आज कळलं."

"शर्टाला बोल लावू नका," आत्या म्हणाली. "तुमचं अंग त्याच पट्टीनं घेतलं, कापडही त्याच पट्टीनं कापलं. दोन्हीकडे चूक सारखीच, म्हणून कपडा बसला. पोट तुम्ही नंतर वाढवलंत."

वर्ग खदखदून हसला. दुकानदारही हसला. इंजिनीअरने हसू आवरत विचारले, "मग चौकाचंच का चुकलं, आत्या?"

"कारण चौक मी मोजला माझ्या पट्टीनं, आणि तुमचे चाळीस फूट आहेत तुमच्या पट्टीचे."

 इंजिनीअरने पिशवीतून पोलादी टेप काढला. "चला, आत्ताच बघू."

सगळी सभा उठून टाकीजवळ आली. टेपाचे एक टोक आत्याने धरले.

"दुकानाची पुढे काढलेली फळी धरून मोजायचं की सोडून?" तिने विचारले.

"फळी आत घ्यावी लागेल," इंजिनीअर म्हणाला. दुकानदाराने आत्याकडे रागाने पाहिले आणि फळी उचलली.

चौक भरला चाळीस फूट साडेतीन इंच. इंजिनीअरने तो आकडा सभेच्या कागदावर लिहिला, खाली सही केली आणि बस वरपर्यंत येईल असे सगळ्यांसमोर सांगितले.

"बाकीच्या वस्त्यांतले चौकही तुम्हीच मोजून द्या," तो आत्याला म्हणाला. "टेप आमचा."

"सोमवारनंतर बघू. दोन गणवेश शिवायचे राहिलेत," आत्या म्हणाली, आणि टाळ्या वाजायच्या आत निघालीसुद्धा. पाठ ताठ, पावले न मोजता टाकलेली. दुकानदार फळी काखेत धरून उभा होता. वहिनी टाकीच्या कट्ट्यावर टेकली होती. आत्या खोलीच्या दारात शिरेपर्यंत ती तिच्याकडे बघत राहिली, आणि मग आपले गुडघे चोळू लागली.